गेटवाल्या सरांचं अर्धं वाक्य

गारखेड्यात माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे, आणि दुकानाच्या पोटातूनच वर जायचा जिना आहे. वर शिवशंकर सरांचा इंग्रजीचा क्लास होता. जागामालकाने जिना असा का काढला ते त्याचं त्याला ठाऊक. त्यामुळे क्लासला येणारं प्रत्येक लेकरू माझ्या टांगलेल्या कपड्यांना धक्के देत वर जायचं, आणि वर जे काही बोललं जायचं ते त्याच जिन्याने उतरून माझ्या कानात यायचं. मी बारावीपर्यंत शिकलेली बाई. इंग्रजीचं आणि माझं कधी जमलं नाही. पण 'गेट' हा एक शब्द मला कुणीही कधीही विचारावा. त्या शब्दावर आता माझा राग आहे, तरी सांगेन.

साऱ्या गारखेड्यात त्यांना गेटवाले सर म्हणत. सरांचं म्हणणं असं होतं की इंग्रजीत क्रियापदं ढिगाने असतील, पण गरिबाच्या लेकरानं एकच धरावं, गेट. मिळणं, होणं, पोचणं, समजणं, उठणं, उतरणं, सुटणं, ही सगळी कामं तो एकटा शब्द करतो. तो आला की निम्मी इंग्रजी आली. फुलंब्रीहून रोज एसटीने येणाऱ्या पोरापोरींना हे लगेच पटायचं. कुणालाही पटेल. सगळ्या कुलपांना एकच किल्ली चालते म्हटल्यावर कोण नको म्हणेल?

शिकवायची रीत ठरलेली होती. सर आधी मराठी वाक्य सांगत. मग इंग्रजीतला पुढचा अर्धा तुकडा म्हणत, आवाज वर चढवत आणि तिथंच थांबत. उरलेलं पोरांनी एका सुरात पुरं करायचं.

"मला ताप आला. आय गॉट—"

"फीव्हर!"

"मला बस मिळाली. आय गॉट—"

"द बस!"

"अंधार पडला. इट गॉट—"

"डार्क!"

पोरं अशी ओरडायची की मशीनवरचा माझा पाय त्यांच्या तालावर पडायला लागायचा आणि टीप वाकडी जायची. एकदा एका नवरीच्या ब्लाऊजची बाही मी त्या 'डार्क'पायी उलटी जोडली. त्या दिवशी सर खाली उतरले तेव्हा मी त्यांना अडवलंच.

"काय हो सर, इंग्रजाच्या घरात एकच तवा व्हता का? भाकर त्याच्यावरच, आमलेट त्याच्यावरच? आपल्याकडं बघा. ताप येतो, बस मिळते, अंधार पडतो, लग्न होतं. ज्याच्या त्याच्यासाठी निराळा शब्द हाये."

सर हसले. त्यांना राग असा यायचाच नाही. म्हणाले, "ताई, गरिबाचं घर एकाच तव्यावर—"

आणि थांबले. भुवया वर, मान जराशी पुढे.

"चालतं," मी म्हणाले. काय करणार?

ही त्यांची खोडच होती. इंग्रजी राहू द्या, मराठीतसुद्धा ते वाक्य पुरं करत नसत. "आशाताई, आज ऊन लई—" असं म्हणून दारात उभे राहायचे. मी "पडलंय" म्हणेपर्यंत हलायचे नाहीत. कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर जाऊन "दोन चहा—" म्हणायचे, आणि तो गाडेवाला "वर पाठवतो सर" म्हणायचा. त्यांची बायको सत्यशीला तर इतकी सरावली होती की ते तोंड उघडायच्या आत उत्तर देऊन मोकळी व्हायची. आम्ही हसत असू. मास्तर माणूस आहे, चालायचंच, असं म्हणत असू. त्यात हसण्यासारखं काही नाही हे कळायला मला फार उशीर लागला.

सर वैजापूरकडचे. त्यांचे वडील केरबा मेंढरं राखायचे. आई पुतळाबाई बिऱ्हाड पाठीवर घेऊन त्यांच्या मागं. जिथं मेंढरं बसतील तिथं ह्यांचा मुक्काम. पोराचं डोकं चांगलं म्हणून केरबाने त्याला मामाकडे ठेवलं आणि गावच्या शाळेत घातलं. तिथल्या गुरुजींची पद्धत अशीच होती. गुरुजी ओळ सुरू करायचे, वर्ग पुरी करायचा. सर सांगायचे, "साऱ्या वर्गात माझाच आवाज सगळ्यात—" आणि मी म्हणायची, "मोठा." त्या मोठ्या आवाजावर ते बी.ए. झाले, एम.ए. झाले. शाळेत मास्तर म्हणून लागावं ही फार इच्छा होती. मुलाखतींना गेले, पण कुठे काम झालं नाही. वशिला नाही म्हणून झालं नाही, असं ते सांगत. मी मान हलवायची. वशिल्याचं कारण आपल्याकडे कुणालाही पटतं.

एकदा मकबरा बघायला निघालेलं एक गोरं जोडपं आमच्या दुकानासमोर येऊन थांबलं. मकबऱ्याचा रस्ता गारखेड्यातून कसा जाईल! पण मोबाईलच्या नकाशाने त्यांना आणून सोडलं होतं. घामाघूम झाली होती बिचारी. मी लगेच वर हाक मारली, "सर, खाली या, तुमचे पाहुणे आलेत!" क्लासमधली पोरंपण जिन्यात दाटीवाटीने उभी राहिली. आज सर खऱ्या इंग्रजाशी बोलणार होते. सर उतरले, शर्ट नीट केला, त्या बाईचं म्हणणं ऐकून घेतलं. ते त्यांना सगळं समजलं, मी त्यांचा चेहरा पाहत होते. मग मोठ्या आवाजात म्हणाले, "यू गेट—"

आणि थांबले. भुवया वर, मान जराशी पुढे.

ती बाई त्यांच्याकडे बघत राहिली. नवरा हसला. सरपण हसले आणि पुन्हा म्हणाले, "यू गेट—" मागून जिन्यातलं एक पोर ओरडलं, "डाउन!" दुसरं म्हणालं, "द बस!" शेवटी एका रिक्षावाल्याने "आओ मॅडम, मकबरा ना? बैठो" म्हणून त्यांना नेलं. त्यावर आम्ही आठवडाभर हसलो. सरही हसले. पोरं वर गेल्यावर मात्र ते माझ्या दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बराच वेळ बसून राहिले, आणि पाणी मागितलं.

पुतळाबाई वारल्या तेव्हा सर गावी गेले आणि तेराव्यानंतर परत आले. त्या दिवशी मला वाटलं, आज क्लास होणार नाही. पण वरून आवाज आला, "मी ह्या दुःखातून सावरेन. आय विल गेट—" आणि पोरं आनंदाने ओरडली, "ओव्हर इट!" सरांनी ते वाक्य पुन्हा घेतलं. मग पुन्हा घेतलं. पोरांना वाटलं पाठ करून घेतायत. मी मशीन थांबवून बसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. एवढं रडू लेकरांच्या तोंडून पुरं करून घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

इतकी पोरं त्या जिन्यावरून वर गेली आणि खाली आली, पण त्यांतलं एकही इंग्रजी बोलून कुठे चिकटलं नाही. मुलाखत देऊन यायची आणि माझ्या दुकानात टेकायची. प्रत्येकाचं रडगाणं एकच. "मावशी, सगळं येत व्हतं. पण त्यांनी विचारलं अन् तोंडच उघडलं नाय." सर म्हणायचे, धीर कमी पडला, पाठांतर वाढवा. मग दुसऱ्या दिवशी वर आणखी मोठा गलका. पुढे मोबाईलवरच इंग्रजी शिकवणारी ॲपं आली आणि गलका कमी होत गेला. बाकं रिकामी पडायला लागली. सर म्हणायचे, "ताई, एक जरी पोरगं बोलून नोकरीला लागलं ना, तर माझं आयुष्य—" मी म्हणायची, "सार्थकी लागंल." ते एक पोरगं कोण, हे त्यांनी मनात कधीच ठरवून ठेवलं होतं.

त्यांची मुलगी तनुजा. रांगायला लागल्यापासून त्या क्लासात पहिल्या बाकावर. आवाज बापासारखाच, खणखणीत. सरांनी "आय" म्हणायचा अवकाश की हिचं वाक्य संपलेलं. बी.कॉम. झाली आणि पुण्याच्या एका कंपनीचं बोलावणं आलं. बाहेरच्या देशातल्या गिऱ्हाइकांशी फोनवर बोलायचं काम. लेखी परीक्षा ती सहज पास झाली. आता फक्त लॅपटॉपवर समोरासमोर बोलायचं राहिलं होतं. सरांनी ही बातमी चहाच्या गाड्यापासून गजानन महाराज मंदिरापर्यंत सगळ्यांना सांगितली. अर्धीच. बाकी लोकांनी पुरी केली.

एके दिवशी दुपारी तनुजा माझ्याकडे आली आणि दार लोटून घेतलं.

"मावशी, कुणाला सांगू नको. मला वाक्य सुरूच करता येत नाय."

"म्हंजे? तू तर वाघीण हायेस क्लासातली."

"पुरं करता येतं. कुणी अर्धं दिलं की बाकीचं आपोआप येतं. पण कुणी नुसता प्रश्न विचारला, की मी वाट बघत बसते. पप्पा सुरू करून देतील म्हणून." तिने ओठ चावला. "सगळ्यांचं हेच झालंय मावशी. त्या साऱ्या पोरांचं. पप्पांचं बी."

मी कात्री खाली ठेवली. इतकी वर्षं छताखाली बसून मला जे ऐकू आलं नव्हतं ते पोरीने एका दमात सांगितलं. मग तिनेच उपाय काढला. माप घ्यायच्या आरशासमोर ती उभी राहायची. मी मराठीत काहीही विचारायचं आणि मग गप्प बसायचं. तिने कितीही वेळ लावला तरी मी शब्दही काढायचा नाही, मानही हलवायची नाही. हे फार अवघड होतं हो. लेकरू आरशात स्वतःकडे बघत उभं आहे, घशात शब्द अडकलाय, आणि आपण तोंड दाबून बसायचं. मी दातांत दोरा धरून बसायची. पहिले काही दिवस ती नुसती उभी राहून परत गेली. एकदा रडली. मी तरी गप्पच.

मग एका दिवशी मी विचारलं, "कधी अडचणीत सापडली व्हतीस का गं?" ती थांबली. खूप वेळ थांबली. रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला, तरी थांबलेली. आणि मग तिने खोल श्वास घेतला, खुर्चीच्या पाठीला धरलं, आणि सुरू झाली. आजोबांची एक मेंढी पावसाळ्यात हरवली होती, लहानपणी सुट्टीत गेली असताना ही एकटी शोधायला गेली, नाल्याच्या पलीकडे अडकली, आणि मेंढीच्या मागोमाग चालत परत आली. सगळं इंग्रजीत. मला निम्मं समजलं नसेल, ते तिने मागून मराठीत सांगितलं, पण ती थांबली नाही. संपवल्यावर ती आरशाकडे बघून अशी हसली की मी उठून तिला कवटाळलं. त्यानंतर रोज यायची. रोज आधी ते थांबणं असायचंच. मोठा श्वास आला की मी समजायची, आता गाडी निघाली.

मुलाखत वरच्या खोलीतच ठरली. त्यांच्या घराशेजारी बांधकाम चालू होतं, तिथं ऐकूसुद्धा येत नव्हतं. सरांनी त्या दिवशी क्लासला सुट्टी दिली. तनुजा मोरपंखी कुर्ता घालून आली. तो मीच शिवला होता. जिना चढताना वळून म्हणाली, "पप्पा, तुम्ही खाली मावशीपाशीच बसा. वर यायचं नाय. जिन्यात बी नाय."

"व्हय गं बाई," सर म्हणाले. "मी इथून हलणार—"

तिने ते पुरं केलं नाही. बघत उभी राहिली. शेवटी सरच म्हणाले, "नाय." मग ती वर गेली.

सर स्टुलावर बसले. मी मशीन बंद ठेवलं होतं, पंखाही बंद केला. वरून सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. समोरची बाई चांगली वाटत होती, आवाज मऊ होता. नाव, गाव, शिक्षण विचारलं. तनुजाने सांगितलं. प्रत्येक उत्तराआधी थोडी थांबायची आणि मग बोलायची. सरांना ते थांबणं सोसत नव्हतं. त्यांचा पाय हलायला लागला. मी डोळ्यांनीच त्यांना दटावलं.

मग त्या बाईने तोच प्रश्न विचारला. मला कळलं, कारण त्यात दोनदा 'गॉट' आलं. कधी अडचणीत सापडलीस आणि त्यातून कशी सुटलीस ते सांग. माझ्या मनात नुसती दिवाळी झाली. मेंढी! माझ्या पोरीची मेंढी आली! मी दातांत दोरा धरला आणि वाट बघायला लागले.

वर शांतता. मला भीती वाटली नाही. ती शांतता माझ्या ओळखीची होती. पण सरांच्या ओळखीची नव्हती. त्यांना शांतता म्हणजे नापास एवढंच ठाऊक. ते उठून जिन्याच्या तोंडाशी गेले. मी त्यांची बाही धरली, हळूच म्हटलं, "सर, बसा. येतंय तिला." त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. वर खुर्ची करकरली. मी शपथेवर सांगते, मला तो श्वास ऐकू आला. मोठा, खोल श्वास.

आणि सर म्हणाले, "व्हेन आय गॉट—"

ते हळूच म्हणायला गेले असतील. पण मास्तराच्या गळ्याला हळू बोलणं माहीत नसतं. आवाज जिन्यातून सरळ वर गेला. आणि वरून तनुजाचा आवाज आला, खणखणीत, पहिल्या बाकावरचा:

"इनटू ट्रबल!"

त्यानंतर मी जी शांतता ऐकली ती वेगळी होती. ती बाई काहीतरी म्हणाली, तुझ्यासोबत कुणी आहे का असं. तनुजा बोलली नाही. त्या बाईने पुन्हा विचारलं. मग ती बरंच बोलली, मऊ आवाजात, आणि शेवटी थँक यू म्हणाली. लॅपटॉप मिटल्याचा आवाज आला. मुलाखतीत दुसऱ्याची मदत घेतली तर उमेदवार बाद, आणि पुन्हा त्या कंपनीत अर्ज नाही, असा त्यांचा नियम होता. तसं लेखी कळवलंही त्यांनी, त्याच दिवशी.

तनुजा खाली आली. रडत नव्हती. ओरडलीपण नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"पप्पा, तुमाला खाली बसा म्हणलं व्हतं."

"मी खालीच व्हतो," सर म्हणाले. खरंच होते. एकही पायरी चढले नव्हते ते. "तू गप झालतीस गं. मला वाटलं, तुला येत—"

थांबले. इतकी वर्षं त्यांचं प्रत्येक वाक्य कुणीतरी पुरं केलं होतं, हे मात्र तसंच जिन्याच्या तोंडाशी पडून राहिलं.

"येत व्हतं का नव्हतं, ते आता मलाबी कधी कळायचं नाय," तनुजा म्हणाली. चप्पल घातली आणि गेली.

मला माहीत होतं की येत होतं. मी तो श्वास ऐकला होता. ते मी तिला नंतर सांगितलं, दोनदा सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मावशी, तू मायेपोटी म्हणतीयस." तिला पटवायला माझ्याकडे होतं काय? एक श्वास. तो कुणाला दाखवता येतो?

पुढे सरांनी क्लासात पद्धत बदलायचा प्रयत्न केला. उरलेली मोजकी पोरं होती. सर प्रश्न विचारून गप्प बसायचे. पोरं त्यांच्याकडे बघायची, सर पोरांकडे. कुणी सुरू करेना. मी खालून ते ऐकत होते आणि मनात म्हणत होते, थांबा सर, अजून थोडं थांबा. पण त्यांना जमायचं नाही. थोड्या वेळाने हताश होऊन तेच अर्धं वाक्य द्यायचे आणि पोरं सुटल्यासारखी ओरडायची. मग काही दिवसांनी तेही देणं बंद केलं. एक पोरगी जिना उतरताना मला म्हणाली, "सर आता शिकवत नायत, नुसते बघत बसतात." ती दुसऱ्या दिवसापासून आली नाही. हळूहळू कुणीच यायचं बंद झालं. मला शांत बसून ब्लाऊज शिवायला मिळालं. इतकी वर्षं तेच मागत होते मी, आणि मिळालं तर मला ते नको झालं.

तनुजा चिकलठाण्याला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. तिथं दिवसभर तोंड उघडावं लागत नाही. मी एकदा म्हटलं, अगं दुसऱ्या कंपन्या आहेत, आरशासमोर ये परत, मी विचारते. ती मानेनंच नको म्हणाली. घरातलं सत्यशीला सांगायची. सर अजून तसेच, "जेवायला—" म्हणून थांबतात. आधी तनुजा "वाढू का पप्पा" म्हणायची. आता ती थांबते. त्यांनी पुरं करायची वाट बघते. डोळ्याला डोळा भिडवून, शांतपणे. ती काही रागाने करत नाही, सत्यशीला म्हणाली, तिचं तोंडच होत नाही. आणि सर काही पुरं करत नाहीत. तसेच उठून जातात. "आशाताई, माझ्या घरात दोघं बोलायला बसतात अन् कुणीच बोलत नाय. मी मधी पडले तर दोघं बी माझ्याकडं परक्यासारखं बघतात," असं म्हणून ती माझ्या दुकानात रडली.

मागच्या महिन्यात जागामालकाने वरची खोली दुसऱ्या कुणाला द्यायची ठरवलं. सर सामान आवरायला आले. मी वर जाऊ का विचारलं, तर हाताने नको म्हणाले. बाकं ओढल्याचा, फळा उतरवल्याचा आवाज येत होता. त्याच वेळी तनुजा मामेबहिणीच्या लग्नाचं ब्लाऊज न्यायला आली. बाप वर आहे हे तिला माहीत नव्हतं. मी सांगणार होते, तेवढ्यात वरचा आवाज थांबला. आणि मग सर बोलले. क्लासात बोलायचे तसंच, आवाज वर चढवत.

"आय विल गेट—"

आधी मराठी वाक्य सांगितलं नाही त्यांनी. नुसता अर्धा तुकडा. माझ्या जिभेवर सगळं आलं. अप, बॅक, बेटर, ओव्हर इट. छताखाली बसून पाठ झालेलं सगळं. पण त्यांना त्यातलं कुठलं हवं होतं, हे मला कळेना. आणि कुठलं म्हटलं असतं तर खोटं झालं नसतं, तेही कळेना.

मी तनुजाकडे पाहिलं. ब्लाऊज हातात धरून ती जिन्याकडे बघत होती. तिने श्वास घेतला. मोठा, खोल, तोच. मी दातांत दोरा धरला. ओठ उघडले होते तिचे, मी पाहिलं.

मग तिने ओठ मिटले आणि हलक्या आवाजात म्हणाली, "मावशी, ही बाही जराशी सैल करून देशील?"

"दे," मी म्हणाले, आणि बाही उसवायला घेतली. वर सर अजून थांबलेले होते.